दिव्याचं टेबल: सागवानी, रेडिमेड की लोखंडी?

परभणीच्या आमच्या जुन्या घरात हा प्रश्न कधी पडलाच नाही. माळवदाची हातभर जाड भिंत, भिंतीत देवळी, देवळीत दिवा. नव्या घराच्या भिंतीत देवळी कुठून काढणार? मग उशाशी दिवा ठेवायला टेबल शोधणं आलं. दोन उन्हाळ्यांत तीन प्रकारची टेबलं घरात आली. त्यातल्या एकाचं काय झालं ते पुढं सांगते.

दुकानात गेलं की आपण आधी लाकडावर हात फिरवतो. मी म्हणेन, आधी घरी टेप घेऊन बसा. जिथं वाचणार तिथंच बसायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी फरशीपासून आपल्या डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजायला सांगायचं. सोफ्यावर माझं 108 सेंटिमीटर भरलं. दिव्याच्या टोपीची खालची कड साधारण याच उंचीवर यायला हवी. ती फार वर गेली तर बल्ब डोळ्यांत घुसतो, फार खाली आली तर पुस्तकावर पुरेसा उजेड पडत नाही. आमच्या दिव्याच्या बुडापासून टोपीच्या कडेपर्यंत 50 सेंटिमीटर आहेत, म्हणजे टेबल 58 चं हवं. सोफ्याचा हातही जवळपास तेवढाच उंच, म्हणून ते डोळ्यांनाही बरं दिसतं. पलंगाशेजारी मात्र गादीच्या वरच्या पातळीशी टेबल जुळवायचं, दोन-चार बोटं इकडेतिकडे चालतात. नाहीतर झोपेत तांब्या शोधताना हात हवेत फिरतो.

बैठकीत अजून गादी-लोडच असतील तर टेबलाच्या नादी लागूच नका. खाली बसल्यावर माझे डोळे 80 सेंटिमीटरवर येतात, तिथं 30 सेंटिमीटरचा चौरंग आणि तोच दिवा झकास बसतो. चौरंग बहुतेकांच्या घरी माळ्यावर पडलेलाच असतो.

आता लाकडाकडे वळू. सागवानाचं कौतुक फुकटचं नाही, त्याच्या अंगच्या तेलामुळं वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण हा गुण गाभ्याचा. कडेच्या पांढुरक्या पट्ट्याला वाळवी खुशाल लागते, आणि पॉलिश चढलं की तो पट्टा ओळखू येत नाही. म्हणून लाकूड बघायचं ते पॉलिशच्या आधी. दुसरी खबरदारी वाळलेपणाची. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढं जातो, हवा कोरडी ठाक असते. अर्धवट वाळलेल्या लाकडाचा पृष्ठभाग तेव्हा आक्रसतो आणि भेग पडते. माळवदाच्या जुन्या तुळयांचं सागवान मिळालं तर सोनं, ते कधीच मुरलेलं असतं. फक्त आत खिळे निघतात. आमच्या सुतारानं एका तुळईतून मूठभर खिळे काढले आणि रंध्याचं पातं गेलं म्हणून दिवसभर आम्हाला ऐकवलं. खर्च लोखंडीच्या दुपटीहून जास्त आला.

रेडिमेड टेबल दिसायला तिघांत देखणं होतं. हलकं, गुळगुळीत, खण असलेलं. मी ते कूलरच्या तोंडाशी ठेवलं, चूक माझीच. महिनाभरात पायाची कड फुगली, वरची पट्टी सुटली आणि आतून भिजलेल्या पावासारखा भुगा दिसायला लागला, नखानं टोकरला की निघायचा. लाकडाचा भुसा चिकट द्रव्यात दाबून केलेला हा बोर्ड, पाणी प्यायला की फुगतो आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. कोपऱ्यात कोरड्या जागी ठेवला असता तर आजही टिकला असता. बदलीची नोकरी असलेल्यांना तो हलका म्हणून सोयीचा वाटतो, पण एकदा खोलून जोडला की स्क्रू ढिले पडतात.

लोखंडी चौकट फॅब्रिकेशनवाल्याकडून हव्या त्या उंचीची करून मिळते आणि वर कडप्प्याचा तुकडा बसवता येतो. पाण्याच्या पेल्याचा गोल डाग पडायची भीती नाही, वजनामुळं दिवा कलंडत नाही. आपल्या कोरड्या हवेत गंजाची कोकणाइतकी धास्तीही नाही. आधी रेडऑक्साइड मारून मग रंग द्यायला लावा म्हणजे झालं. पायांना रबरी बुचं मात्र हवीतच. आणि कडप्प्याच्या कडा गोल घासून घ्या, माझ्या गुडघ्यानं हा धडा घेतलाय.

शहाबादी फरशी असेल तर चार पायांचं काहीही डुगडुगतं, खाली कागदाच्या घड्या सारत बसावं लागतं. तिवई डुगडुगत नाही, कारण तीन टेकू कशाही फरशीवर टेकतातच. पण दोन पायांच्या मधल्या कडेवर जोर पडला तर ती उलटते. घरात रांगतं लेकरू असेल तर तिवई नको.

जागा ठरवताना प्लगकडं आधी बघा. जुन्या घरांत तो दाराजवळ छातीएवढ्या उंचीवर असतो आणि उन्हाळ्यात कूलरनं बळकावलेला. वायर चालायच्या वाटेतून नेण्यापेक्षा टेबल प्लगपाशी न्यावं. वायरमन घरी येणारच असेल तर उशाजवळ एक प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर काढून घ्या. 9 वॅटच्या एलईडीचा बॅटरीवर काय भार पडणार! बल्ब पिवळसर उजेडाचा, खोक्यावर 2700 के असं लिहिलेलं असतं. उजव्या हातानं लिहीत असाल तर दिवा डावीकडं ठेवा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही.

मला विचाराल तर पलंगाशेजारी लोखंडी-कडप्पा. बैठकीत चारचौघांना दिसेल तिथं सागवानी, तेही जुनं लाकूड हाती लागलं तरच. भाड्याच्या घरात वर्षभरासाठी रेडिमेड चालेल, कूलरपासून लांब. आमच्या आईनं मात्र तिन्ही नाकारली. तिच्या पलंगाशी गावाकडून आणलेली बाभळीची तिवई आहे, उंचीला चार बोटं कमी. दिव्याखाली तिनं जुनं पंचांग ठेवून ती भरून काढलीय.