जिन्यावरचा स्लॅब तापतो: वरून थर द्यावा की खालून सीलिंग?

नागपूर-चंद्रपूरकडच्या जुन्या दुमजली घरात मे महिन्यातल्या दुपारी जिना चढताना शेवटच्या आठ-दहा पायऱ्या नकोशा होतात. खोल्यांमधली गरम हवा जिन्यातून वर जाऊन तिथेच साचते, आणि डोक्यावरचा स्लॅब दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. वरच्या बेडरूमचं दार जिन्याकडे उघडत असेल तर कूलरचाही फारसा उपयोग होत नाही.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पांढरा उष्णतारोधक रंग. ताजा असताना तो ऊन बऱ्यापैकी परतवतो. पण धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुवायची आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात मारायचा. भाड्याच्या घरात एवढंच करावं.

विटांचा कोबा (विटांचे तुकडे मसाल्यात बसवून केलेला थर) आणि वर पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे) ही आपल्याकडची जुनी रीत. पाण्याला ती चांगली. उष्णतेला मात्र मध्यमच. शिवाय वजन बघा. आठ बाय पंधरा फुटांच्या स्लॅबवर चार इंची कोबा म्हणजे जवळपास दोन टन. चाळीस-पन्नास वर्षांच्या स्लॅबवर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मी तो घालणार नाही.

माझा कौल एक्सपीएस शीटला, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या शीटला. दोन इंची शीट जेवढी उष्णता अडवते, तेवढी अडवायला काँक्रीट साधारण आठ फूट जाड लागेल! आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर शीट, त्यावर जाळी टाकून दीड इंचाचा सिमेंटचा थर आणि पांढऱ्या टाइल्स. एवढं करूनही वजन कोब्यापेक्षा बरंच कमी भरतं. शीट महाग म्हणून लोक बिचकतात, पण जिन्यावरची जागा असते केवढी? स्लॅबही उन्हापासून वाचतो, त्यामुळे तडे कमी जातात.

खालून रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकरीसारखी गादी) भरून फॉल्स सीलिंग करणं दिसायला सोपं, पण जिन्यात ते अवघड जातं. पायऱ्यांवर परांची बांधावी लागते आणि मजुरीच मालाच्या वर जाते. चार-सहा इंच उंचीही जाते. गच्चीचं दार आतल्या बाजूला उघडत असेल आणि आधीच बुटकं असेल, तर ते सीलिंगला अडकतं. गळती झाली तरी ती झाकली जाते, आतली सळई गंजत राहते. काम सुरू करण्याआधी स्लॅब खालून हातोडीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आधी दुरुस्ती.

खालून थर्माकोल चिकटवून देणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा. आग लागली तर घराबाहेर पडायची वाट जिनाच असते, आणि थर्माकोलचा धूर घातक असतो.

काहीही निवडलं तरी जिन्याच्या वरच्या भिंतीत, छताला लागून, समोरासमोर दोन जाळ्या ठेवा. साचलेली गरम हवा बाहेर गेली पाहिजे. पावसाची झड येते तिकडे वर छज्जा हवा.

स्लॅबऐवजी जुने सिमेंटचे पत्रे असतील तर हिशेब उलटा होतो. त्यात ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते) असण्याची शक्यता मोठी, म्हणून कापायचे नाहीत, भोकं पाडायची नाहीत, घासायचेही नाहीत. तिथे खालूनच, भिंतींवर टेकलेल्या वेगळ्या फ्रेममध्ये रॉकवूल आणि सिमेंट बोर्ड बसवा. पत्र्याला खिळाही लागता कामा नये.