इंदुरात मंडळी निवडताना: यादीत नाव की हॉलमधली ऊब

नगर, सोलापूर, पुण्याकडून बदलीनं इंदूरला आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न विचारतातच: जुन्या मिशनच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) सभासद म्हणून नाव घालावं, की हॉलमध्ये भरणाऱ्या एखाद्या नव्या फेलोशिपला जावं? आम्ही दोन्हीकडे मनापासून राहिलो. फेलोशिपमध्ये सव्वादोन वर्षं, आणि जुन्या मंडळीत आता सहावं वर्ष चालू आहे. जे लिहितोय ते या दोन ठिकाणांपुरतंच धरा. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

भाषेवर वेळ घालवत नाही. आम्ही गेलो त्या दोन्ही ठिकाणी उपासना हिंदीतूनच; मराठी शास्त्र (बायबल) घरी, संध्याकाळच्या प्रार्थनेला. बाप्तिस्म्याचा मुद्दा मात्र आधी घरात बोलून घ्या. बऱ्याच फेलोशिपमध्ये कळत्या वयात पाण्यात बुडवून घेतलेला बाप्तिस्माच धरतात. जुनी मंडळी ज्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) येते, तिथे बालबाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत, कारण १९७० साली नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ती झाली तेव्हा त्यांत अँग्लिकन होते तसे बाप्टिस्टही होते. तुमचा बाप्तिस्मा पाळण्यात असताना झाला असेल, तर हा प्रश्न कधीतरी समोर येणार.

आपलेपणात फेलोशिप कितीतरी पुढे आहे, हे आधी कबूल करतो. पहिल्याच रविवारी आम्हाला दोन घरांनी जेवायला बोलावलं. बायकोला टायफॉइड झाला तेव्हा अकरा दिवस डबा आला, आणि डबा आणणारी बाई शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायची. तिचे उपकार मी विसरणार नाही. जुन्या मंडळीत उलटं. तिथे घराण्यांचे बाक ठरलेले. आम्ही महिनाभर मागच्या बाकावर बसलो आणि शेजारच्यानं नावही विचारलं नाही. पाळकसाहेब घरी आले ते पाचव्या आठवड्यात. कमिटीच्या निवडणुकीचे दिवस आले की दोन घरांमधला सलाम बंद होतो, तो पार नाताळपर्यंत. याचा त्रास मला आजही होतो.

तरीही आम्ही हललो. कारण सांगितलं तर किरकोळ वाटेल. ते एका बॅगेचं आहे.

फेलोशिपच्या पास्टरजींची गाडी हॉलखाली थांबली की एक तरुण मुलगा दार उघडायचा, त्यांची बॅग, शास्त्र आणि पाण्याची बाटली घ्यायचा, आणि मागोमाग जिना चढून ते सगळं पहिल्या रांगेतल्या खुर्चीशेजारी ठेवायचा. उपासना संपली की हेच उलट क्रमानं. याला 'सेवा' म्हणत. तरुणांमध्ये ही सेवा मिळणं मानाचं होतं. दुसऱ्या वर्षी ती माझ्या मुलाला मिळाली. तो सोळा वर्षांचा होता आणि फार खूश होता. तोवर तो इतर पोरांबरोबर खुर्च्या लावायचा, महिन्याच्या प्रीतिभोजनाला वाढायचा. ते सुटलं. "मला पास्टरजींसोबत राहायचं असतं," असं तो सांगायचा, आणि त्याला सांगितलंही तसंच गेलं होतं.

एका रविवारी त्या जिन्यावर काठी टेकत चढणाऱ्या एक आजी मधेच दम लागून कठड्याला धरून उभ्या होत्या. पास्टरजी वर निघून गेले होते. माझा मुलगा बॅग छातीशी धरून त्यांना वळसा घालून वर गेला. मी चार पायऱ्या मागे होतो. मुलगा निर्दय नाही; आजी त्याला दिसल्याच नाहीत, कारण त्याचं सगळं लक्ष पुढच्या पाठीकडे होतं. आजींना हात देऊन वर नेलं, पण त्या दिवशीचं प्रवचन माझ्या कानांवरून गेलं. प्रवचन योहान १३ वर होतं, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्यावर.

मी पास्टरजींशी एकांतात बोललो. ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या प्रार्थनेनं आम्हाला कठीण दिवसांत धीर दिला आहे. ते मायेनंच म्हणाले, लेकरांना आदर शिकायला हवा. मला ते पटलं नाही. पण पुढे कुणाशी बोलायचं, ते सापडेना. सभासदांची यादी नाही, वार्षिक सभा नाही, मंडळीनं निवडलेले वडील (पाळकासोबत कारभार पाहणारे ज्येष्ठ) नाहीत. एका जवळच्या भावानं हळूच बजावलं की देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये. सव्वादोन वर्षं मी दशांश (कमाईचा दहावा भाग) देत होतो, सगळे मला घरचा म्हणत होते, आणि तरी माझ्या बोलण्याला तिथे कुठेच जागा नव्हती.

तेव्हापासून बायबलमधला 'प्रेषितांची कृत्ये'चा सहावा अध्याय मी वेगळ्या नजरेनं वाचतो. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते, कुरकूर वर येते, आणि बारा प्रेषित ती दडपत नाहीत. सगळा समुदाय जमवतात आणि सात माणसं तुम्हीच निवडा म्हणतात. वाढण्यासाठी माणसं निवडायची होती, आणि ती निवडणारे मोजता येणारे, ओळखीचे लोक होते. मार्क १० मध्ये याकोब आणि योहान उजवी-डावी जागा मागतात तेव्हाही प्रभूचं उत्तर सेवेचंच आहे. पुढारी सेवक आहे की नाही, हे त्याच्या नम्र बोलण्यावरून मला तरी ओळखता येत नाही. त्याला कोण काय विचारू शकतं, त्यावरून थोडंफार कळतं.

जुन्या मंडळीत नाव घालायला वेळ लागला. गावच्या मंडळीचा सभासदत्वाचा दाखला आला, उपासनेत आमची नावं वाचली गेली, वर्गणीची पुस्तिका मिळाली, मग वार्षिक सभेत मत. दुसऱ्या वर्षी त्या सभेत मी उभा राहून आवाराच्या भिंतीचा खर्च विचारला. खजिनदार चिडले, पण सगळ्यांसमोर एकेक पावती वाचून दाखवली. पाळकसाहेबांनी मधे एक शब्द काढला नाही. पंधरा दिवस खजिनदार माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं, पण अविश्वास वाटला नाही.

अर्पण मोजायला आमच्याकडे दोन जण बसतात, दोघे वहीत सही करतात, आणि पाळकसाहेब त्या टेबलाजवळ येत नाहीत. माझा मुलगा हल्ली एका निवृत्त शिक्षिकाबाईंबरोबर बसतो. बाईंना चिल्लर नीट दिसत नाही, म्हणून तो नाणी लावून देतो आणि रक्कम त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो.

ही सवय इथली जुनी असावी, असा माझा समज आहे. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ मध्ये इंदूरला आले, दहा वर्षांनी ख्रिश्चन कॉलेज निघालं. त्यांच्या परंपरेत मंडळीचा कारभार पाळक एकटा पाहत नाही, वडिलांसोबत पाहतो. पुढे १९२४ ला युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, मग १९७० ला सीएनआय, बिशपही आले. पण विचारण्याचा हक्क कुठेतरी शिल्लक राहिला.

तोटेही सांगतो. पाळकांच्या बदल्या होतात. आमचे एक फार चांगले पाळक तिसऱ्या वर्षीच गेले. उपासनेला गायन थंड असतं, तरुणांना ते जाणवतं. याउलट लग्न किंवा कबरस्तानातली जागा अशा वेळी यादीतलं नाव फार उपयोगी पडतं.

शहरात यादी आणि वडील असलेल्या फेलोशिप नसतीलच, असं मी म्हणत नाही. तुम्हाला तशी सापडली तर तिथला आपलेपणा सोडून इकडे या, असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. दोन्हीकडे चार-चार रविवार जा आणि उपासना संपल्यावर लगेच निघू नका. खुर्च्या कोण उचलतं, पैसे कोण मोजतं, तेवढं पाहा. आणि गावच्या मंडळीकडे दाखल्यासाठी आजच पत्र टाका. आमचा यायला चार महिने लागले होते.