घोडबंदर रस्त्यावरील लसीकरण केंद्र: सुईआधीचे समुपदेशन

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर असलेल्या या खासगी लसीकरण केंद्राची खरी जमेची बाजू म्हणजे तेथील समुपदेशन. गोवर-रुबेलाची लस टोचण्यापूर्वी परिचारिका पालकांना आवर्जून सांगतात की, गोवराचा फैलाव रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के लोक संरक्षित असावे लागतात आणि नऊ महिन्यांखालील बाळांची सुरक्षितता बऱ्याच अंशी इतरांनी घेतलेल्या लसीवर अवलंबून असते. सामूहिक प्रतिकारशक्ती, म्हणजे पुरेशा लोकांनी लस घेतल्यास न घेतलेल्यांनाही मिळणारे संरक्षण, समजावून दिल्यास लस घेण्याची तयारी वाढते, असे भारतासह सात ठिकाणच्या लोकांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले होते. हा परिणाम पाश्चात्त्य देशांत अधिक ठळक होता, कारण पौर्वात्य देशांत ती तयारी मुळातच जास्त होती. त्यामुळे प्रतीक्षाकक्षातील धाक घालणारा फलक मला तरी अनाठायी वाटला. दुसऱ्या मात्रेची आठवण मात्र वेळेवर येते.