डिमेन्शियाच्या रुग्णासाठी निवासी केंद्र: काही महिन्यांच्या वास्तव्यानंतरचा अनुभव

केंद्र निवडताना सगळ्यांचं लक्ष खोली, बाग आणि स्वागतकक्षाकडे जातं. काही महिने गेल्यावर मात्र रुग्णाचा दिवस बरा की वाईट हे वेगळ्याच गोष्टी ठरवतात: संध्याकाळी पाचनंतर किती माणसं हजर असतात, रात्री कोण असतं, आणि आज हात धरून न्हाणीघरात नेणारी व्यक्ती पुढच्या महिन्यातही तीच असेल का. हा अनुभव आजाराच्या मधल्या टप्प्यातल्या, स्वतःच्या पायांनी चालणाऱ्या रुग्णासाठी निवडलेल्या केंद्राचा आहे. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे जे तपासायला सांगितलं आहे ते कुठल्याही केंद्रात तपासता येतं.

पहिली भेट बहुतेक ठिकाणी सकाळी अकराच्या सुमाराची देतात. तेव्हा अंघोळी उरकलेल्या असतात, कर्मचारी भरपूर असतात आणि रुग्ण शांत असतात. खरी परीक्षा दिवस कलताना होते. डिमेन्शियाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता दुपार उतरल्यावर वाढते. दिवसभराचा थकवा, कमी होणारा उजेड, भूक आणि नेमकी त्याच वेळी बदलणारी पाळी, हे सगळं एकत्र येतं. म्हणून दुसरी भेट न कळवता संध्याकाळी पाच ते सात या वेळात घ्यावी आणि निदान तासभर एका जागी बसून बघावं. दारापाशी उभी राहून एखादी आजी ‘मला घरी जायचंय’ म्हणत असते. ‘अहो आजी, हेच तुमचं घर’ असं ऐकवणाऱ्या केंद्रात पाच मिनिटांत आवाज चढतात. जिथे मदतनीस शेजारी उभी राहते, ‘घरी कोण वाट बघतंय, आजी?’ असं विचारते, त्यांच्यासोबत दोन फेऱ्या मारते आणि बोलता बोलता खुर्चीपर्यंत आणते, तिथे कर्मचाऱ्यांना खरंच प्रशिक्षण मिळालेलं असतं. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा आम्ही या एका प्रसंगाला जास्त गुण देऊ. या केंद्राची निवडही त्यावरच झाली आणि महिने गेले तरी तो निकष खोटा ठरला नाही.

कर्मचाऱ्यांची संख्या विचारताना ‘एकूण किती माणसं आहेत’ हा प्रश्न कामाचा नाही. त्या आकड्यात स्वयंपाकी, सफाईवाले आणि ऑफिसातले लोकही मोजले जातात. ‘या मजल्यावर, या पाळीत, किती रुग्णांमागे एक मदतनीस?’ असं विचारावं आणि दिवस, संध्याकाळ, रात्र यांची उत्तरं वेगवेगळी घ्यावीत. इथे दिवसा चार-पाच रुग्णांमागे एक मदतनीस होती आणि ते प्रमाण पाळलं जात होतं. रात्री मात्र संपूर्ण मजल्यावर एकच. ती एका रुग्णाला शौचालयात घेऊन गेली की उरलेल्यांकडे बघायला कोणी नसे. त्याचा परिणाम लगेच दिसला: रात्री दहाला बदललेला डायपर थेट सकाळी सहाला बदलला जाई आणि मांड्यांच्या सांध्यात कातडी लाल होऊन सोलवटत असे. तक्रारीनंतर पहाटे दोनची फेरी सुरू झाली आणि प्रत्येक फेरीची वेळ सहीनिशी लिहिली जाऊ लागली, तेव्हा कातडी सुधारली. रात्रीच्या फेऱ्यांची नोंदवही निवडीच्या वेळीच मागून बघावी. सगळ्या रात्रींच्या वेळा मिनिटाला मिनिट जुळत असतील तर ती वही सकाळी एका बैठकीत भरलेली आहे असं समजावं.

सर्वात जास्त सावधगिरी औषधांच्या बाबतीत हवी. रुग्ण ओरडतो, मारतो, रात्रभर फिरतो अशी तक्रार आली की कमी माणसांवर चालणारी केंद्रं गुंगीच्या गोळीकडे वळतात. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल ही मनोविकारविरोधी औषधं डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने यांतल्या नव्या पिढीच्या औषधांसाठी 2005 मध्ये आणि जुन्या पिढीच्या औषधांसाठी 2008 मध्ये तसा ठळक इशारा दिला. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने शरीर एकाएकी ताठरणं, शुद्ध हरपणं इथपर्यंत वेळ येऊ शकते. निदान लेवी बॉडीचं असेल तर ते फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून घ्यावं. ही औषधं कधीच देऊ नयेत असं नाही. रुग्णाला किंवा इतरांना इजा होण्याची वेळ आली तर ती लागतात. पण तेव्हा कमीत कमी मात्रा, घरच्यांची संमती आणि बंद करून बघण्याची ठरलेली तारीख या तिन्ही गोष्टी हव्यात.

गोळीआधी कारण शोधतात का, हे विचारावं. शांत रुग्ण दोन दिवसांत आक्रमक झाला किंवा एकदम गळून गेला, तर आजार वाढला असं म्हणून सोडून देता येत नाही. बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, लघवीचा संसर्ग, दुखणारा दात, नवीन सुरू झालेलं औषध, अंगातलं कमी झालेलं पाणी ही नेहमीची कारणं आहेत. वेदना सांगता न येणाऱ्या रुग्णासाठी श्वास, कण्हणं, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणं या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देणारी पेनॅड ही मोजणी आहे. इथल्या नर्स ती वापरत होत्या आणि हा या केंद्राचा मोठा जमेचा भाग. एरवी ‘चिडचिड’ म्हणून नोंदली जाणारी बरीच प्रकरणं पोट साफ झाल्यावर किंवा साध्या पॅरासिटॅमॉलवर निवळताना दिसली.

पॅचबद्दलही सांगायला हवं. रिव्हास्टिग्मिन हे डिमेन्शियावरचं औषध कातडीतून देणारी चिकटपट्टी म्हणजे हा पॅच, आणि तो चोवीस तासांनी बदलायचा असतो. नवा लावण्याआधी जुना काढायचा आणि त्याच जागी पुन्हा लावायला चौदा दिवस जाऊ द्यायचे. जुना पाठीवर तसाच राहिला तर मात्रा दुप्पट होऊन उलट्या, नाडी मंदावणं, चक्कर असे त्रास होतात. पॅचवर तारीख लिहितात का आणि काढल्याची वेगळी नोंद करतात का, ते बघावं. दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्या कुटून भरवत नाहीत ना, हाही प्रश्न तिथेच विचारावा.

जेवणाची वेळ स्वतः उभं राहून बघावी. चांगली मदतनीस रुग्णाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसते. चमचा अर्धाच भरते, हनुवटी किंचित खाली ठेवते, कंठ वर सरकून घास उतरला की मगच पुढचा घास देते आणि शेवटी गालात काही उरलंय का ते तपासते. रुग्ण ताठ बसलेला असतो आणि जेवणानंतर निदान अर्धा तास त्याला आडवं करत नाहीत. उभ्याने भरवणारी, एका वेळी तिघांकडे बघणारी माणसं दिसली तर अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया फार लांब नसतो. गिळायला त्रास असेल तर अन्नाचा मऊपणा आणि द्रवाचा घट्टपणा शून्य ते सात या आंतरराष्ट्रीय पातळ्यांत ठरवतात. स्वयंपाकघरात प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे ती पातळी लिहिलेली असावी. इथे ती यादी होती, पण सुट्टीच्या दिवशी बदली माणूस आला की पाळली जात नसे. शेवटी पलंगाजवळ कार्ड लावून घ्यावं लागलं. वजन दर महिन्याला व्हायलाच हवं. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट झाली तर डॉक्टरांना कळवणं आलंच.

इमारतीत बघण्यासारखं थोडंच आहे, पण ते नेमकं आहे. जमीन एकरंगी आणि न चकाकणारी असावी. चकाकी पाण्यासारखी वाटते आणि दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं, मग रुग्ण तिथे अडतो किंवा उडी मारायला जातो. शौचालयाचं दार पलंगावरून दिसायला हवं आणि कमोडच्या बैठकीचा रंग फरशीहून वेगळा हवा. एवढ्यानेही कपड्यांत होण्याचे प्रसंग कमी होतात. चालण्याचा मार्ग फिरून मूळ जागी येणारा असावा, कारण बंद दाराशी संपणाऱ्या व्हरांड्यात रुग्ण तिथेच दार हलवत राहतो. पलंगाच्या कठड्यांना सुरक्षिततेची सोय समजू नये. चालता येणारा रुग्ण कठडा ओलांडताना जास्त उंचावरून पडतो आणि दांड्यांत अडकण्याचाही धोका असतो. खाली करता येणारा पलंग आणि बाजूला जाड गादी हे बरं. खुर्चीला बांधून ठेवलेला एक जरी रुग्ण दिसला तरी ते केंद्र यादीतून काढावं.

पहिले काही आठवडे कठीण जातात, कुठल्याही केंद्रात. जागा बदलल्याने गोंधळ वाढतो, झोप बिघडते, भूक जाते. जाण्याआधी एका पानाची माहिती तयार करून द्यावी: कोणत्या नावाने हाक मारायची, पूर्वीचं काम काय, कशाची भीती वाटते, अंघोळ सकाळी आवडते की रात्री, चश्मा आणि श्रवणयंत्र कोणतं, झोपताना दिवा हवा की नको. हे पान इथे खरंच वाचलं गेलं. अंघोळीला होणारा विरोध पाणी थेट डोक्यावर न घेता पायांपासून सुरुवात केल्यावर बराच उतरला.

वस्तू हरवतात, हे धरूनच चालावं. कवळी, श्रवणयंत्र, चश्मा यांवर नाव कोरून घ्यावं. कपडे धुलाईत बदलतात आणि ही तक्रार शेवटपर्यंत राहिली.

करारात सगळ्यात आधी केंद्र रुग्णाला परत पाठवण्याच्या अटी वाचाव्यात. ‘वर्तन हाताबाहेर गेल्यास’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोण ठरवणार, किती दिवसांची मुदत आणि त्याआधी काय उपाय करणार, हे लिहून घ्यावं. डायपर, एअर बेड, फिजिओथेरपी, डॉक्टरांच्या भेटी मासिक शुल्कात आहेत की वेगळ्या, आणि रुग्ण हॉस्पिटलात असताना खोलीचं शुल्क किती, हेही विचारावं. हे केंद्र चालत्या रुग्णासाठी चांगलं आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी रात्रीची एक मदतनीस पुरणार नाही, कारण पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड (हवेची गादी) असला तरी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते आणि टाचा अधांतरी ठेवाव्या लागतात.

शेवटच्या टप्प्याबद्दल प्रवेशाच्या वेळीच बोलावं, कितीही अवघड वाटलं तरी. रात्री ताप आला तर हॉस्पिटलात नेणार की इथेच उपचार करणार, आणि गिळणं थांबल्यावर पोटात अन्न सोडणाऱ्या नळीचा आग्रह धरणार का? प्रगत डिमेन्शियात अशी नळी घातल्याने आयुष्य वाढत नाही आणि न्यूमोनियाही टळत नाही. हाताने, सावकाश, जेवढं घेईल तेवढं भरवणं हाच तिथे पर्याय मानला जातो, आणि त्याला माणूस व वेळ लागतो. तो वेळ आपल्या वेळापत्रकात कुठे बसतो हे ज्या केंद्राला सांगता येतं, तिथेच नाव नोंदवावं.