मांसासाठी पहिला कळप: उस्मानाबादी शेळी की माडग्याळ मेंढी?

महाराष्ट्रात मांसासाठी गोवंश पाळण्याचा प्रश्नच येत नाही; 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे दुष्काळी पट्ट्यातला नवखा माणूस शेळ्या-मेंढ्यांकडे वळतो आणि इथे अडतो: धाराशिव-लातूरकडची काळी उस्मानाबादी घ्यावी, की सांगलीच्या जत तालुक्यातली बाकदार नाकाची, उंच माडग्याळ?

माडग्याळचं कोकरू पाहिलं की मन तिकडेच ओढलं जातं. जन्मतःच थोराड, वाढही झपाट्याची. उस्मानाबादी त्यापुढे लहान चणीची. पूर्ण वाढलेला बोकड साधारण 35 किलोच्या आसपास. पण खरा हिशेब वेताचा, म्हणजे विण्याचा आहे. माडग्याळ बहुतेक वेळा एकच कोकरू देते, उस्मानाबादीला जुळं होणं नेहमीचं. दोन वर्षांत तीन वेतं साधली आणि निम्म्या वेतांत जुळं झालं, तर दहा शेळ्यांची 45 करडं होतात. दहा मेंढ्यांची 30 कोकरं. हे कागदावरचं. मरतूक दोन्हीकडे होते आणि जुळ्यातलं दुबळं करडू पहिल्या दिवशी हाताने चीक पाजल्याशिवाय जगत नाही. मेंढीला जुळं व्हावं म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत बंगालच्या गारोळ मेंढीचं जनुक आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मेंढीच पाळायची असेल, तर तीही पाहून या.

चारा मात्र निर्णय बदलू शकतो. शेळी शेंडे खुडते, मेंढी जमिनीलगत चरते. बांधावर शेवरी-सुबाभूळ, थोडा दशरथ घास (पुन्हा पुन्हा कापता येणारा हिरवा चारा) आणि तुरीचं भुसकट असलं की शेळी गोठ्यात रमते. मेंढीला चालायला रान हवं आणि तिच्यामागे फिरणारा जाणता माणूस हवा. धनगर घरातली मुलं हे लहानपणापासून शिकतात. आपण ते चार दिवसांच्या प्रशिक्षणात शिकू, असं समजू नका. गायरान आणि माणूस दोन्ही असतील, तर माडग्याळ घ्या, ती पैसे देईल. नसतील, तर उस्मानाबादीच. बहुतेक नवख्यांकडे हे दोन्ही नसतं, म्हणून माझा कौल शेळीला.

लसीच्या बाबतीत फार फरक नाही: पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन होणारा रोग) लस दोघींना, पीपीआरचीही (शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) दोघींना. पावसात मेंढीचे खूर आणि नीलजिव्हा (चिलटांमुळे पसरणारा, तोंड-जीभ सुजवणारा रोग) यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. एक चूक मात्र जीवघेणी आहे. शेळीचं खनिज मिश्रण मेंढीला देऊ नका. त्यातलं तांबं मेंढीला सोसत नाही.

काहीही घेतलंत तरी आधी लाखाची शेड बांधू नका. एका शेळीला दहा चौरस फूट कोरडी, सावलीची जागा पुरते. खरेदी दसरा-दिवाळीच्या सुमारास करा, तेव्हा चारा असतो आणि पाऊस सरलेला असतो. आठवडी बाजारात पुष्कळदा न गाभण राहणारी शेळीच विकायला येते, म्हणून व्यायलेली, करडं पाठीशी असलेली शेळी पाळणाऱ्याच्या दारातून घ्या. नर वेगळ्या घरचा आणा. नवी जनावरं आणल्यावर तीन आठवडे जुन्या कळपापासून लांब बांधा.