कुत्र्याला घेऊन कोकणात: दिवाळी ते मे वापरलेलं सामान, काय टिकलं, काय पडून आहे

आमची भुरी देशी आहे, १८ किलोची, समुद्र दिसला की वेडी होणारी पण पाण्यात स्वतःहून पोटापर्यंतच जाणारी. आम्ही पुण्यात राहतो त्यामुळे आमचा समुद्र म्हणजे ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, दिवेआगर, नाहीतर पुढे बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी घालून वेसवीला उतरायचं आणि केळशी, आंजर्ले, कर्दे असं खाली जायचं. दिवाळीच्या आधी व्हिडिओ बघून बघून बरंच सामान मागवलं होतं, आता मे संपत आलाय, पाऊस लागला की समुद्र बंद, म्हणून लिहून टाकते. सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले ते १० मीटरच्या लांब पट्ट्याचे, आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते भिंतीवरचं कॅलेंडर, ते कसं ते पुढे सांगते.

पट्टा आधी. ट्रेनिंगवाले ज्याला लाँग लाइन म्हणतात तो. आमच्याकडे आधी नायलॉनचा होता, पाण्यातून आला की चांगलाच जड, विणीत वाळू घुसणार, ती हाताला काचणार आणि घरी येईपर्यंत डिकीला ओल्या सुकटीचा वास. हा नवा बायोथेनचा आहे, म्हणजे आत पॉलिएस्टरची पट्टी आणि वरून प्लास्टिकसारखा थर, पाणी पीत नाही, नळाखाली धरला की वाळू निघून जाते, फडक्याने पुसला की कोरडा. दोन हजाराच्या आतबाहेर पडला, तेव्हा नवऱ्याने बोलून दाखवलं होतं, आता तोच पहिला उचलतो. ओला असताना थोडा सटकतो त्यामुळे टोकापासून दोन-तीन ठिकाणी गाठी मारून ठेवल्यात. हाताला गुंडाळायचा अजिबात नाही, कुत्रं धावत सुटलं आणि पट्टा संपला की जो हिसका बसतो त्यात बोट जायचं. आणि लावायचा तो हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या) पाठीवरच्या रिंगला, गळ्यातल्या कॉलरला लावला तर तोच हिसका मानेला बसतो.

तक्रार एकच, हूक. लिस्टिंगमध्ये रस्टप्रूफ लिहिलेलं, प्रत्यक्षात वरून मुलामा, डिसेंबरातच स्प्रिंग अडकायला लागली, म्हणजे बंद दिसतो पण पूर्ण बंद झालेला नसतो, आणि हे फार डेंजर. विकणाऱ्याने मेसेज वाचून सोडून दिला. शेवटी बोहरी आळीतून पितळी हूक आणला आणि चप्पल दुरुस्तीवाल्याकडून रिव्हेट मारून घेतला, तेव्हापासून काही त्रास नाही. तुम्ही घेताना पितळी किंवा स्टेनलेसच बघा, लोहचुंबक घेऊन जाऊ नका, काही स्टेनलेसलाही चुंबक चिकटतं, सरळ विचारा.

आता एवढ्या मोकळ्या किनाऱ्यावर पट्टा कशाला असं बरेच जण म्हणतात, आमचा काही करत नाही हो, वगैरे. तुमचा करत नसेल, पण गावातल्या कुत्र्यांचं काय? प्रत्येक किनाऱ्यावर टोळ्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, शहरातलं गुबगुबीत कुत्रं मोकळं धावत त्यांच्यात घुसलं की विषय संपला. पट्टा ढिला ठेवून, त्यांच्याकडे न बघता वळसा घालून निघालं की बहुतेक वेळा ते चार भुंकून परत जातात. दुसरं म्हणजे वाळत घातलेली मासळी. आंजर्ल्याकडे एका टोकाला जाळ्या अंथरून जवळा वाळत घातला होता, भुरीने लांबूनच नाक वर केलं, मग मान खाली घातली आणि एकदम सरळ रेषेत, गपचूप चालायला लागली, ती अशी गप्प झाली की समजायचं आता सुटणार. मी पट्ट्यावर पाय ठेवला. जवळ्यापासून हातभर अंतरावर पट्टा ताणला गेला आणि बाईसाहेब पुढचे दोन पाय हवेत घेऊन उभ्या, लाळ गळतेय. सावलीत बसलेल्या मावशी जागच्या हलल्यापण नाहीत, म्हणाल्या, "बांधलंय ना गो? मग घेऊ दे वास, वासाचे पैसे नाय घेत." येताना त्यांच्याकडूनच अर्धा किलो घेतला.

आणि तिसरं कासवं. वेळास, आंजर्ले, केळशी, दिवेआगर, गुहागर या सगळ्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात, म्हणजे आपला फिरायचा सगळा मोसम तोच. कुत्र्याच्या नाकाला वाळूतलं घरटं सापडायला वेळ लागत नाही. गावातली माणसं २००२ पासून वेळासला घरटी जपतायत, त्यांच्या मेहनतीवर आपल्या कुत्र्याने पंजे मारू नयेत एवढं तरी बघूया. रात्री किनाऱ्यावर कुत्रा न्यायचा नाही, आणि वेळासला कासव महोत्सवाच्या दिवसांत तर अजिबात नाही.

आता कॅलेंडर. किनाऱ्यावर कोणीही जुना माणूस सांगेल, तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमारास भरती आणि सकाळी-रात्री ९ च्या सुमारास ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा-अमावास्येला गणिताने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या जवळपास असते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचंच, मिनिटाचा हिशोब हवा असेल तर मोबाइलवर भरती-ओहोटीचं ॲप आहे. रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतं. आता याचा कुत्र्याशी संबंध काय? कुत्र्याला न्यायची वेळ म्हणजे कोवळं ऊन किंवा संध्याकाळ. अष्टमीच्या आसपास गेलात तर नेमकी त्याच दोन वेळांना भरती, ओली घट्ट वाळू पाण्याखाली, उरते ती वरची भुसभुशीत आणि कचऱ्याची पट्टी, आणि ओहोटी बघायची तर भर दुपारी. याउलट पौर्णिमा-अमावास्येपासून पुढचे तीन-चार दिवस धरलेत तर सकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान ओहोटी, संध्याकाळीही तसंच, लांबच लांब ओला थंड किनारा आणि माणूस नाही. आम्ही आता खोली बुक करायच्या आधी तिथी बघतो, सुट्ट्या नंतर. फक्त हे दिवस उधाणाचे असतात, ओहोटीला पाण्याची ओढ जास्त, खाडीच्या मुखाशी तर कुत्र्याला आणि स्वतःलाही पाण्यात सोडू नका.

वाळू तापलीये का हे बघायला हाताची मागची बाजू ठेवायची आणि सात मोजायचे, नाही मोजवले तर परत फिरायचं. काळी वाळू आणखी लवकर तापते, रत्नागिरीला मांडवीच्या काळ्या समुद्रावर सकाळी फिरा, पांढऱ्या समुद्रावर थोडा उशीर चालतो.

लाइफ जॅकेट. चांगलं आहे, पण ज्यासाठी घेतलं त्यासाठी कमी आणि वरच्या हँडलसाठी जास्त वापरलं जातं. लाट अंगावर आली की एका हाताने उचलता येतं, फेरीबोटीत चढताना उतरताना पण बरं पडतं. देशी कुत्र्यांची छाती खोल आणि पोट बारीक, त्यामुळे वजनावरून साइज घेतली तर मागे झोळ पडतो, छातीचा घेर टेपने मोजूनच मागवा. वेल्क्रोत वाळू भरली की त्याची पकड जाते, बकलवालं घ्या. पाण्याबाहेर आल्या आल्या काढायचं, आत फोम असतो, दमट हवेत कुत्रं उकडून निघतं, त्यांना आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच मुख्य मार्ग.

समुद्राचं पाणी. भुरी पहिल्यांदा लाटा चावत होती, बघायला मजा वाटते पण खारं पाणी पोटात गेलं की उलटी-जुलाब, जास्त गेलं तर प्रकरण गंभीर होतं. आम्ही दर पंधरा-वीस मिनिटांनी गोडं पाणी पुढे करतो, तिला नको असलं तरी. त्यासाठी सिलिकॉनचा घडीचा वाडगा घेतलाय, शंभर-दीडशे रुपयांची वस्तू, वाळूत पडला तरी काही होत नाही, मस्त. टेनिसचा चेंडू घरीच ठेवा, त्यावरच्या लोकरीला वाळू चिकटून दात घासले जातात आणि प्रत्येक वेळी थोडी वाळू पोटात जाते ती वेगळीच. आम्ही जाड दोरी लावलेलं रबरी खेळणं नेतो.

ओहोटीच्या रेषेवर काय पडलंय यावर मात्र डोळा ठेवावा लागतो. गळ आणि तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), मासळीचे काटे, आणि केंड. हा फुगणारा मासा जाळ्यात आला की टाकून देतात, तो सुकून फुग्यासारखा किनाऱ्यावर पडलेला असतो. त्याचं विष सुकल्यावर पण जात नाही, शिजवल्यावर पण नाही. भुरीला "सोड" हा शब्द घरी चपातीवर शिकवला होता तो इथे कामाला आला. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या जेलीफिशसारख्या निळ्या ब्लू बॉटलचं पण तेच, मेलेली दिसली तरी डंख मारते.

गाडीतलं सीट कव्हर, झोळीसारखं पुढच्या आणि मागच्या सीटला अडकवायचं ते, छान टिकलंय. शिवणीत वाळू अडकते पण सीटवर थेंब उतरला नाही. सीट बेल्टच्या बकलसाठी कापलेली खाच आहे का बघा, नसली तर कुत्र्याला बांधणार कशाशी? ताम्हिणीच्या वळणांवर भुरी उलटी करायची, आता निघायच्या तीन-चार तास आधी खाणं बंद आणि वाटेत थांबे, त्याने जमलं. नाहीच जमलं तर डॉक्टरांकडून उलटीची गोळी लिहून घ्या, माणसांची देऊ नका.

पडून असलेलं सामान. पायातले बूट, दहा पावलांत वाळू भरली आणि एक लाटेबरोबर गेला. पॉपअप तंबू, वाऱ्यावर दोन माणसांनी धरून बसायचा असेल तर भारी आहे. गळ्यातला ब्लूटूथ टॅग, आजूबाजूला फोन असतील तरच तो जागा सांगतो, सकाळी साडेसहाला सुरूच्या बनात कोणाचा फोन असणार? त्यापेक्षा कॉलरवर मोबाइल नंबर कोरलेली पट्टी लावलीये. आणि नाकाला लावायला म्हणून आपलं सनस्क्रीन वापरू नका, झिंक ऑक्साइड असलेलं चाटलं तर विषारी असतं.

राहायचं. पेट फ्रेंडली लिहिलंय यावर जाऊ नका, फोन करून विचारा की कुत्रा खोलीत चालेल की बाहेर बांधायचा, कोंबड्या-मांजरं मोकळी असतात का, जादा पैसे किती. आम्हाला एका ठिकाणी पोचल्यावर सांगितलं की कुत्रा पार्किंगमध्ये राहील, तिथून तसेच निघालो. नंतर ज्या घरी उतरलो त्या काकू फोनवरच म्हणाल्या होत्या, "स्वयंपाकघर आणि देवघर सोडून कुठेही फिरू दे, पण माझ्या मांजरीने मारलं तर मला सांगू नका." मारलं. पण जेवण काय होतं! शनिवार-रविवार काशीद, नागाव टाळाच, घोडागाड्या, वाळूवरच्या त्या फटफट्या आणि गर्दी, कुत्रं भेदरून जातं. गणपतीपुळे, हरिहरेश्वरला देऊळ किनाऱ्यालगतच, आम्ही आळीपाळीने दर्शन घेतो. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एवढंच की डब्यात कुत्रा न्यायचा तर एसी फर्स्टचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, ती मी तरी भुरीसाठी निवडणार नाही.

गोचीड हा कोकणातला खरा प्रॉब्लेम. वाडीत, गवतात, पडवीत, सगळीकडे. मानेवर टाकायचं औषध लावायच्या आधी-नंतर दोन दिवस पाणी चालत नाही, मग समुद्रावर त्याचा काय उपयोग, म्हणून डॉक्टरांनी चघळायची गोळी दिली, महिन्याची पण मिळते आणि बारा आठवड्यांची पण. तरी रोज रात्री कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून बघतो. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, जेवण बंद, हिरड्या फिक्या दिसल्या तर थेट रक्त तपासायला. लेप्टोची लस पण घेऊन ठेवा. आणि तालुक्याचे सरकारी दवाखाने मुख्यतः गाई-म्हशींसाठी असतात, त्यामुळे निघायच्या आधीच अलिबाग, चिपळूण किंवा रत्नागिरीत, जे जवळ पडेल तिथे, कुत्र्यांचे डॉक्टर कोण ते फोन करून विचारून ठेवा.

पट्ट्याची निगा म्हणाल तर घरी आलं की बादलीत गोड्या पाण्यात अर्धा तास, हुकाला खोबरेल तेलाचा एक थेंब, टांगून ठेवायचा. भुरीला १६ मिमी रुंदीचा बरोबर बसलाय. पाच-सहा किलोचं कुत्रं असेल तर १३ मिमीचा घ्या, त्याहून जाड त्याला ओढवणार नाही, आणि लॅब्रेडॉरवाल्यांनी सरळ १९ चा घ्यावा.