वकिलांनी पुढचं शिक्षण कुठं घ्यायचं: बारचं लेक्चर, डिप्लोमा, ऑनलाइन कोर्स, मेडिएशन (मध्यस्थी) की अभ्यास मंडळ?

"ताई, कुठला कोर्स करू?" पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात गेल्या काही महिन्यांत तीन-चार जुनियरांनी मला हे विचारलंय आणि दरवेळी मध्येच कुणाचा तरी पुकारा होतो आणि बोलणं अर्धवट राहतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. माझी प्रॅक्टिस बारा वर्षांची, जास्त करून दिवाणी दावे आणि 138 ची (चेक बाउन्सची) मॅटर्स, थोडं फॅमिली कोर्ट. खाली लिहिलेल्या पाचही गोष्टी मी स्वतः केल्यात, एक अर्ध्यात सोडलीय, तेव्हा जे लिहिलंय ते अनुभवातून आहे.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे वकिलाला दरवर्षी इतके तास शिकलंच पाहिजे अशी सक्ती नाहीये. सनद मिळाली, एआयबीई (अखिल भारतीय बार परीक्षा) एकदा पास झालो की पुढची चाळीस वर्षं कुणी विचारत नाही. सीएंना तीन वर्षांत 120 तास भरावे लागतात, आपल्याच राज्यात डॉक्टरांना रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात. न्यूयॉर्कच्या वकिलाला दर दोन वर्षांत 24 तास, कॅलिफोर्नियात तीन वर्षांत 25. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांना वर्षाला 16 तासांचा नियम होता, तो नोव्हेंबर 2016 पासून गेला, आता तिथं तास मोजत नाहीत, तुम्ही तुमच्या कामात कुठं कमी पडताय ते बघा, त्याप्रमाणे शिका आणि नोंद ठेवा असं आहे. मला ही रीत मनापासून पटते, कारण नुसते तास भरायचे म्हटलं की माणूस मागच्या रांगेत बसून मोबाइल बघतो. म्हणजे कोर्सची जाहिरात बघायच्या आधी आपली डायरी काढायची आणि गेल्या तीन महिन्यांत कुठं अडलो, कोणत्या अर्जावर बोलणी खाल्ली, कुठल्या मॅटरमध्ये सिनियरला फोन करावा लागला ते लिहून काढायचं. कोर्स त्यावरून ठरतो.

माझंच सांगते. 1 जुलै 2024 ला न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम हे नवीन तीन कायदे लागू झाले, त्याच्या आधी-नंतर मी चार लेक्चर ऐकली होती, वहीभर नोट्स होत्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या सर्टिफिकेटसाठी जुन्या पुरावा कायद्यातल्या 65बी च्या जागी आता साक्ष अधिनियमाचं कलम 63 हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि तरी दोन महिन्यांनी एका वसुलीच्या दाव्यात व्हॉट्सअॅप चॅटच्या प्रिंट लावताना मी काय केलं, तर कॉम्प्युटरमधला जुना सर्टिफिकेटचा नमुना उघडला, कलमाचा नंबर बदलला आणि दाखल केला. समोरच्या वकिलांनी बरोबर तेच पकडलं. नवीन कायद्याच्या परिशिष्टात सर्टिफिकेटचा नमुनाच दिलाय, त्यात भाग अ आणि भाग ब आहेत, अ ज्याच्या ताब्यात मोबाइल आहे त्याने भरायचा, ब तज्ज्ञाने, आणि दोन्हीत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहायची, एसएचए1, एसएचए256, एमडी5 असे पर्याय छापलेलेच आहेत त्यावर. माझ्या सर्टिफिकेटमध्ये हॅशही नव्हती आणि भाग बही नव्हता. माझे पक्षकार सत्तरीचे, सकाळच्या एसटीने मंचरहून आलेले, त्यांची साक्ष त्या दिवशी झाली नाही, कॉस्ट भरून मुदत घ्यावी लागली आणि त्यांना परत यावं लागलं. ते काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं ते. आणि हे सर्टिफिकेट किती महत्त्वाचं ते मला माहीत नव्हतं असंही नाही, 2020 चा अर्जुन पंडितराव खोतकरचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतूनच सुप्रीम कोर्टात गेलेला, तो मी दोनदा वाचलेला.

लेक्चरमध्ये हे सगळं सांगितलं होतं. माझ्या नोट्समध्ये आहे. फक्त तो फॉर्म मी हाताने एकदाही भरला नव्हता. तेव्हापासून कुठल्याही ट्रेनिंगबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारते की इथं मी स्वतः काही लिहिणार आहे का आणि लिहिलेलं कुणी तपासणार आहे का.

आता एकेक बघू.

बार असोसिएशनची, बार कौन्सिलची लेक्चर आणि कार्यशाळा. फुकट किंवा नावापुरती फी, कोर्टाच्या आवारातच किंवा जवळपास, बहुतेक वेळा शनिवारी नाहीतर कोर्ट सुटल्यावर. सत्कार आणि प्रास्ताविकात पहिली वीस-पंचवीस मिनिटं जातात हे धरूनच चाला. पण सिटिंग किंवा रिटायर्ड जज बोलायला असतील तर मी काम बाजूला ठेवून जाते, कारण वरून खाली बघणाऱ्याला आपला अर्ज कसा दिसतो ते दुसरं कुठं ऐकायला मिळत नाही. कायदा बदलला की पहिली माहिती इथंच घ्यायची, अटकपूर्व जामिनाचं 438 आता 482 झालं आणि क्वॉशिंगचं, म्हणजे गुन्हा रद्द करून घेण्याचं, जुनं 482 आता 528 आहे, दोन्हींची सरमिसळ करू नका, असल्या गोष्टींना दीड तास पुरतो. कौशल्य मात्र इथं येत नाही. शंभर-दीडशे जणांत तुमचा ड्राफ्ट कोण वाचणार?

डिप्लोमा. पुण्यात याची काही कमी नाही, लॉ कॉलेज रोडचं आयएलएस 1924 पासून आहे, एरंडवण्यात भारती विद्यापीठ, विमाननगरला सिम्बायोसिस, डेक्कनला शंकरराव चव्हाण लॉ कॉलेज, शिवाय विद्यापीठाचा विधी विभाग. कुठं कुठला डिप्लोमा या वर्षी चालू आहे ते प्रत्यक्ष जाऊन ऑफिसात विचारा, वेबसाइटवर विसंबू नका. डिप्लोमा कुणी करावा तर ज्याला लाइन बदलायची आहे त्याने. म्हणजे दिवाणी करून कंटाळलात आणि चाकण, भोसरी, रांजणगावच्या कंपन्या आणि कामगारांची मॅटर्स करायचीत, तर लेबर लॉ पहिल्यापासून शिस्तीत शिकायला वर्षभर द्यायला हरकत नाही. पण अॅडमिशन घेण्याआधी एक विचारा, सिलॅबस कुठला शिकवताय? 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात, 29 जुने कायदे त्यात गेले, आणि सिलॅबस अजून औद्योगिक विवाद कायदा 1947 वरच थांबला असेल तर वर्ष आणि फी दोन्ही अर्धी वाया. जुना कायदाही लागतो, चालू मॅटर्स आहेतच, पण दोन्ही समोरासमोर ठेवून शिकवणारे शिक्षक हवेत.

वेळेचा हिशोबही घाला. संध्याकाळचा वर्ग म्हणजे साडेपाचला कोर्टातून निघून लॉ कॉलेज रोडच्या ट्रॅफिकमधून पोचायचं, आठला सुटायचं, मग ऑफिसला येऊन उद्याचं बोर्ड, म्हणजे कोर्टातल्या मॅटर्सची यादी, बघायचं. विमाननगरला जायचं असेल तर जिल्हा न्यायालय स्टेशनवरून मेट्रोने रामवाडी आणि पुढं रिक्षा, हे त्यातल्या त्यात बरं. ज्यांच्या घरी लहान मूल आहे किंवा आजारी माणूस आहे त्यांनी स्वतःला दोष न देता हा पर्याय दोन वर्षं पुढं ढकलावा. एलएलएमचंही हेच, शिकवायला जायचं असेल तर जरूर करा, ड्राफ्टिंग सुधारेल म्हणून करू नका.

ऑनलाइन. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक एकाच टोपलीत टाकतात. एक म्हणजे बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचे किंवा हैदराबादच्या नालसारचे दूरशिक्षण डिप्लोमा, त्यांना अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे, नावाला वजन आहे, सगळं इंग्रजीत आहे. दुसरं म्हणजे खासगी लोकांचे रेकॉर्डेड कोर्स, तीस तास, पन्नास तास, शेवटी सर्टिफिकेट. मी अर्ध्यात सोडला तो असलाच एक, कॉन्ट्रॅक्ट ड्राफ्टिंगचा. शिकवणारे हुशार होते, पण मी रात्री अकराला जेवणाची भांडी आवरून दीडपट स्पीडने व्हिडिओ बघायचे, आठव्या मॉड्युलला असाइनमेंट दिलं त्यावर उत्तर आलं ते फक्त गुड एफर्ट. त्या करारात इंडेम्निटीचं (नुकसान भरून देण्याचं) कलम मी चुकीचं लिहिलं होतं हे मला सहा महिन्यांनी दुसरीकडे कळलं. म्हणून पैसे भरण्याआधी सरळ विचारा: माझा ड्राफ्ट कोण तपासणार, त्यांची स्वतःची प्रॅक्टिस आहे का, किती दिवसांत परत मिळणार, आणि एखादा तपासलेला नमुना दाखवता का. दाखवला तर विचार करा. हो, आणि जुन्नर, भोर, इंदापूरला प्रॅक्टिस करणाऱ्यांना रोज पुण्याला येणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी लाइव्ह ऑनलाइन वर्ग ही फार मोठी सोय आहे, ती कमी लेखू नये. ई-फायलिंग शिकायला तर पैसे देऊच नका, सुप्रीम कोर्टाच्या ई-कमिटीचे व्हिडिओ आणि मॅन्युअल फुकट आहेत, एक रविवार बसा, स्वतःची एक फाइल अपलोड करून बघा, झालं.

मेडिएशनचं 40 तासांचं ट्रेनिंग. या सगळ्यात माझ्यात सर्वात जास्त बदल याने झाला. रोज आठ तास धरले तर पाच दिवस, म्हणजे आठवडाभर बोर्ड कुणाला तरी सांभाळायला द्यावं लागतं, ही खरी किंमत. पण निम्म्याहून जास्त वेळ रोल प्ले असतो. दुसऱ्या दिवशी मला मेडिएटर केलं, समोर दोन सहकारी भाऊ-भाऊ झालेले, वाटपाचा वाद, थोरला बोलायला लागला आणि मी तिसऱ्या वाक्याला तोडलं, "म्हणजे तुमचं म्हणणं असं की..." ट्रेनरनी थांबवलं. म्हणाले, हात मांडीवर ठेवा आणि तीन मिनिटं फक्त ऐका. ती तीन मिनिटं मला खूप लांब वाटली. पण अडीचाव्या मिनिटाला थोरला म्हणाला की जमिनीचं जाऊ दे, आईच्या दिवसांना मला बोलावलं नाही. वाद तिथंच होता! नंतर माझ्या खऱ्या पक्षकारांशी बोलताना मी पहिली पाच मिनिटं पेन खाली ठेवते, आणि दाव्याची हकिगत पहिल्यापेक्षा कितीतरी चांगली लिहिली जाते.

कामाच्या दृष्टीनेही वाव आहे, कमर्शिअल कोर्टाच्या दाव्यात तातडीचा दिलासा मागितला नसेल तर त्या कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे आधी मेडिएशन सक्तीचं, हे सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात स्पष्टच केलंय, आणि 2023 चा मेडिएशन अॅक्टही आला. फक्त एक लक्षात ठेवा, खासगी संस्थेचं सर्टिफिकेट घेतलं म्हणजे कोर्टाच्या यादीत नाव लागलं असं नाही, तिकडं जायचं असेल तर फी भरण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात चौकशी करा. आणि सनद होऊन दोन वर्षं झालेल्यांनी घाई करू नये, दहा-वीस भांडणं शेवटपर्यंत जाताना बघितली की ट्रेनिंगचा अर्थ जास्त कळतो.

राहिलं अभ्यास मंडळ. आम्ही सातजण, दर गुरुवारी साडेसहाला एका सिनियर सरांच्या ऑफिसात, खर्च चहाचा. नियम एकच, प्रत्येकाने आपलं चालू मॅटर आणायचं, पक्षकाराचं नाव-गाव काळ्या पेनने खोडून, कारण गोपनीयता मंडळातही पाळायचीच, जुन्या पुरावा कायद्याचं 126 असो की आताच्या साक्ष अधिनियमाचं 132. मी पहिल्यांदा माझा एक्झिबिट 5 चा अर्ज नेला, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, चौदा परिच्छेद. सरांनी लाल पेन घेतलं, दहा मिनिटं कुणी बोललं नाही, आणि परत आला तेव्हा पाचच परिच्छेद उरले होते. म्हणाले, प्रायमा फेसी (प्रथमदर्शनी) केस दिसली, बॅलन्स ऑफ कन्व्हिनियन्स (गैरसोय कुणाची जास्त) शोधून सापडला, इरिपेअरेबल लॉस (न भरून येणारं नुकसान) कुठाय? खरंच नव्हता, भिंत पाडली तर काय होईल हे मी कुठं लिहिलंच नव्हतं, सगळं भावकीचं भांडण लिहीत बसले होते. तो अर्ज मी त्या रात्री परत लिहिला. आजही मनाईचा अर्ज लिहिला की शेवटी ते तीन मुद्दे पेन्सिलीने समासात टिकमार्क करते.

मंडळाचे तोटेही आहेत. सर्टिफिकेट नाही, मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत मोडतं ते कधी कधी महिनाभर जुळत नाही, आणि सिनियरची एखादी जुनी समजूत चुकीची असेल तर ती सातही जणांत पसरते. त्यावर आम्ही असं केलंय की कुणी निकालाचा दाखला दिला की दुसऱ्याने तो तिथंच ई-एससीआरवर, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या निकालांच्या साइटवर, काढून वाचायचा, फुकट आहे, बऱ्याच निकालांचं मराठी भाषांतरही तिथं मिळतं. आणि साडेसहाची वेळ सगळ्याच बायकांना जमत नाही, म्हणून दोन गुरुवारांत एक आम्ही सकाळी साडेनऊला कोर्टाजवळच बसतो.

पैसे आणि वेळ बघून निवडायचं झालं तर माझं मत असं आहे. पहिली तीन-चार वर्षं मंडळ आणि बारची लेक्चर एवढंच करा, जो पैसा वाचेल त्यातून चांगली कॉमेंटरी (कायद्यावरचं भाष्याचं पुस्तक) घ्या. मंडळ नसेल तर चारजण मिळून सुरू करा, सिनियर नंतर मिळतो. लाइन बदलायची असेल तरच डिप्लोमा. पाच-सात वर्षं झाली, फॅमिली किंवा वाटपाची मॅटर्स जास्त असतील तर मेडिएशन, कसंही करून आठवडा काढा. ऑनलाइन कोर्स एका ठरावीक अडचणीसाठी घ्या, तपासून देणारा माणूस असेल तरच.

परवा यातल्या एका जुनियरने, तिला सनद होऊन तीन वर्षं झालीत, कोर्टाच्या पायऱ्यांवरच डायरी काढली आणि आम्ही दोघींनी मागच्या तीन महिन्यांची पानं चाळली. चार ठिकाणी मनाईच्या अर्जावरच अडली होती. ती एका मोठ्या सर्टिफिकेट कोर्सची फी भरायला निघाली होती, ती तूर्त थांबवलीय. या गुरुवारी ती तिचा एक्झिबिट 5 घेऊन येतेय, नावं खोडून.